कांटा पायाला, अवधाण जांघेला

मे महिन्याच्या सुटींत शहरांतून आजोळीं गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पायांत बाभळीचा कांटा मोडावा, ही कांहीं मोठी वार्ता नव्हे. असा मुलगा पहिल्या दिवशीं घरांत बोलत नाहीं, कारण अनवाणी हिंडूं नकोस अशी ताकीद त्याला निघतांनाच मिळालेली असते. दुसऱ्या दिवशीं टांच लाल होते, हाताला ऊन लागते आणि ठणकूं लागते. तिसऱ्या दिवशीं तो लंगडूं लागतो; आणि जांघेंत बोराएवढी दुखरी गांठ हाताला लागली म्हणजे मात्र त्याचा धीर सुटतो व तो आजीपाशीं जातो. आजी गांठीकडे फारसें लक्षच देत नाहीं.

“अवधाण आलंय रे तें. पाय दाखव बघूं आधीं.”

टांच पाहून, सुई विस्तवावर धरून ती कांटा काढते. कांट्यामागोमाग थोडा पू येतो. मुलगा डोळे पुसतो आणि विचारतो, “पण आजी, कांटा पायांत होता, मग गांठ इथं कशी आली?”

“पायाला लागलं कीं जांघेंत येतं, आणि हाताला लागलं कीं काखेंत. असंच असतं तें.”

आजीचें निदान अचूक आहे, आणि तिनें सांगितलेला नियमहि खरा आहे. फक्त “असंच असतं” हें त्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. मराठी भाषेनें या गांठीला स्वतंत्र नांव देऊन ठेविलें आहे, त्यावरून पायाची जखम आणि जांघेंतली गांठ यांचा संबंध लोकांनीं पिढ्यान् पिढ्या हेरला होता हें उघड आहे. तो संबंध कसा जुळतो याचा माग काढीत गेलें, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारव्यवस्थेंतील बहुतेक मुख्य कल्पना वाटेंतच भेटतात. विद्यार्थी श्रोत्यांसाठीं आज त्याच वाटेनें जावयाचें आहे.

कांटा मोडेपर्यंत त्या मुलाचें रक्षण करीत होती ती त्याची कातडी. तिचा वरचा थर मृत पेशींचा असतो. तो सारखा गळून पडतो व त्याबरोबर त्यावर बसलेले जंतुहि जातात. डोळ्यांच्या पाण्यांत जंतूंचें कवच फोडणारें एक द्रव्य असतें. तें अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२२ सालीं, म्हणजे पेनिसिलिनच्या शोधाच्या सहा वर्षें आधीं ओळखलें. पोटांत तीव्र आम्ल असतें. श्वासमार्गांत चिकट स्राव आणि त्याला बाहेर लोटणारे सूक्ष्म केंस असतात. हा सारा बंदोबस्त शाळेच्या पुस्तकांत सांपडतो, म्हणून त्यावर अधिक वेळ घालविण्याचें कारण नाहीं. कांट्यानें तो एका जागीं फोडला, आणि मातींतले जंतु एरवीं जेथें कधींच पोंचले नसते अशा ठिकाणीं जाऊन बसले.

यानंतर जें घडतें तें डोळ्यांना दिसतें व बोटांना लागतें. लाली, उष्णता, सूज आणि वेदना हीं चार लक्षणें रोमन ग्रंथकार सेल्सस यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एकत्र नमूद करून ठेविलीं आहेत. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, हीं चारहि जंतूंचीं कृत्यें होत. वास्तविक तीं बहुतांशीं शरीराचीं स्वतःचींच कृत्यें आहेत. कातडीखालीं ठिकठिकाणीं पहाऱ्यावरच्या पेशी बसलेल्या असतात. जंतूंची चाहूल लागतांच त्या कांहीं द्रव्यें सोडतात. त्यांच्यामुळें आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल व ऊन होते. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन रक्तांतील पाणी बाहेर झिरपतें, म्हणून सूज येते. आणि मज्जातंतु चेतविले जातात, म्हणून ठणका लागतो. मुलाचें लंगडणें हेंहि निरर्थक नाहीं. दुखऱ्या पायावर भार पडत नाहीं हा त्याचा फायदाच होय.

सैल झालेल्या भिंतींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत तांबड्या पेशी सुमारें ५० लक्ष असतात, तर निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी अवघ्या ४ ते ११ हजार. त्यांतल्या निम्म्याहून अधिक पेशी जंतूंना गिळणाऱ्या असतात. त्या अल्पायुषी असून एकदोन दिवसांतच मरतात, म्हणून हाडांतील मज्जेला त्या रोज दहा हजार कोटींच्या घरांत तयार कराव्या लागतात. आजीनें कांटा काढला तेव्हां जो पू आला, तो म्हणजे मुख्यतः कामीं आलेल्या याच पेशी होत.

या भक्षक पेशींचें कार्य ज्यानें प्रथम ओळखलें त्यालाहि तें कांट्यानेंच शिकविलें, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. इल्या मेच्निकोव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ सालीं सिसिली बेटांतील मेसिना येथें राहत होता. घरची मंडळी सर्कशींतील शिकविलेलीं माकडें पाहावयास गेलीं होतीं, आणि तो एकटाच सूक्ष्मदर्शकाशीं बसला होता. तारामाशाचें पिल्लूं कांचेसारखें पारदर्शक असतें. त्याच्या अंगांतील कांहीं पेशी स्वतंत्रपणें इकडेतिकडे सरपटतांना त्याला दिसत होत्या. पाहतां पाहतां त्याच्या मनांत आलें कीं, या पेशी शरीराच्या रक्षणासाठींच हिंडत असतील तर मध्येंच एखादा कांटा खुपसल्यास त्या त्याच्याभोवतीं जमल्या पाहिजेत. माणसाच्या बोटांत शल्य गेलें म्हणजे भोवतीं पू होतो, तसेंच. त्यानें बागेंतून गुलाबाचे कांटे आणले आणि ते त्या पिल्लांच्या अंगांत खुपसले. रात्रभर त्याला झोंप आली नाहीं. सकाळीं पाहतो तों प्रत्येक कांट्याभोवतीं पेशींचा गराडा पडलेला! अंगांत रक्तवाहिनी नाहीं, मज्जातंतूंची मोठी व्यवस्था नाहीं, अशा प्राण्यालाहि परक्या वस्तूची दखल घेतां येते, ही गोष्ट त्या सकाळीं सिद्ध झाली. १९०८ सालीं त्याला पॉल एर्लिक याच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें.

पाठ्यपुस्तकांत या ठिकाणापासून बहुधा सैन्य, तोफा आणि किल्ले यांची भाषा सुरू होते. मुलांना ती आवडते; परंतु तिच्यामुळें एक महत्त्वाची गोष्ट झांकली जाते. शरीरापुढील खरी अडचण मारण्याची नसून ओळखण्याची आहे. भक्षक पेशींची ओळख ठोकळ असते. जंतूंच्या अनेक जातींना समान असणाऱ्या कांहीं खुणा त्यांना जन्मतःच ठाऊक असतात. तेवढ्यावरून “हें घरचें नव्हे” एवढें त्या जाणतात. हा जंतु कोणता, तो पूर्वीं कधीं येऊन गेला होता काय, हें त्यांना जवळजवळ सांगतां येत नाहीं. तें काम दुसऱ्या पेशींचें आहे, आणि त्या पेशींची भेट घ्यावयाची तर जांघेपर्यंत जावें लागतें.

तेथें जाण्याची वाट अशी. रक्तवाहिन्यांतून जें पाणी बाहेर झिरपतें, त्यांतील बरेंचसें पुन्हां वाहिन्यांत परततें. जें उरतें त्याला वाहून नेण्यासाठीं नळ्यांचें दुसरें जाळें शरीरांत आहे. त्या पाण्याला लसीका म्हणतात. या नळ्यांना हृदयासारखा पंप नाहीं. चालण्याफिरण्यानें स्नायु दाबले जातात, नळ्यांच्या भिंतीहि आकुंचन पावतात, आणि आंतल्या झडपांमुळें लसीका एकाच दिशेनें वर सरकते. वाटेंत जागोजाग घेवड्याच्या दाण्यासारख्या ग्रंथि असतात. सबंध शरीरांत त्या पांचसहाशें भरतील. पायाकडून येणारी लसीका जांघेंतल्या ग्रंथींतून जाते आणि हाताकडून येणारी काखेंतल्या. आजीचा नियम येथें उलगडतो.

या लसीकेबरोबर टांचेंतून एक विशेष प्रकारची पेशी निघते. झाडाच्या फांद्यांसारखे फांटे असल्यामुळें तिला शाखायुक्त पेशी म्हणतात. राल्फ स्टाइनमन यांनीं ती १९७३ सालीं दाखवून दिली. (या शोधाबद्दल २०११ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालें, पण त्याच्या तीनच दिवस आधीं ते निवर्तले होते, आणि हें निवड करणाऱ्यांना ठाऊक नव्हतें.) ही पेशी जंतु गिळते, त्याचे तुकडे करते, आणि ते तुकडे अंगावर मिरवीत जांघेंतल्या ग्रंथींत येऊन थांबते. ती लढावयास येत नाहीं. वर्दी द्यावयास येते. ग्रंथीला किल्ला म्हणण्यापेक्षां गांवची चावडी म्हणणें अधिक यथार्थ होईल. शिवारांत सांपडलेली अनोळखी वस्तु चावडीवर आणून ठेवावी आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारावें, “ही तुझ्या ओळखीची आहे काय?” तसाच हा प्रकार आहे. ज्यांना विचारावयाचें त्या लसीकापेशी रक्तांतून ग्रंथींत येतात, कांहीं तास थांबतात आणि पुढल्या ग्रंथीकडे जातात. कोट्यवधि पेशींपैकीं फार थोड्यांना तो तुकडा जुळतो. परंतु ज्या एकीला तो जुळला ती तेथेंच थांबते, फुगते, आणि दुभंगूं लागते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, अशा आठवड्याभरांत हजारों होतात. वर्दी आल्यापासून इतर पेशींचेंहि बाहेर जाणें कांहीं काळ रोखलें जातें आणि ग्रंथीचा रक्तपुरवठा वाढतो. चावडीवर अशी गर्दी उसळली म्हणजे चावडी फुगते. अवधाण तें हेंच.

येथें हुशार विद्यार्थ्याच्या मनांत एक शंका यावी. जो जंतु शरीरानें पूर्वीं कधीं पाहिलाच नाहीं, त्याला तंतोतंत जुळणारी पेशी आधींपासून तयार कशी? शास्त्रज्ञांनाहि ही शंका फार दिवस छळीत होती. प्रथम त्यांपैकीं अनेकांना वाटे कीं, जंतूचें माप घेऊन शरीर त्याला जुळणारें द्रव्य नंतर बेतीत असावें. म्हणजे शिंप्याकडे जाऊन अंगरखा शिवून घ्यावा तसें. ऑस्ट्रेलियांतील फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनीं १९५७ सालीं याच्या उलट कल्पना मांडली, आणि तीच खरी ठरली. शरीर हा शिंपी नसून तयार कपड्यांचा अफाट दुकानदार आहे. त्याच्या दुकानांत कोट्यवधि अंगरखे, पण प्रत्येक मापाचे अगदीं थोडे. गिऱ्हाईक येऊन एक अंगाला बसला कीं त्याच मापाचे हजारों अंगरखे तांतडीनें शिवावयास घेतले जातात. इतकीं मापें येतात कोठून, याचाहि उलगडा पुढें सुसुमू तोनेगावा यांनीं १९७६ सालीं केला. या पेशी घडत असतांना त्यांच्यांतील आनुवंशिक द्रव्याचे कांहीं तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात, आणि प्रत्येक पेशीच्या हातीं निराळा डाव येतो. थोडक्या अक्षरांतून अगणित शब्द व्हावे, तसे थोडक्या तुकड्यांतून अगणित नमुने होतात.

जुळलेल्या पेशी दोन जातींच्या असतात. बी-पेशी प्रतिपिंड नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतात; पूर्ण तयार झालेली अशी एक पेशी दर सेकंदाला हजारों प्रतिपिंड सोडते. तें द्रव्य जंतूला किंवा त्याच्या विषाला जाऊन चिकटतें. त्यामुळें विषाचा दंश बोथट होतो, आणि भक्षक पेशींना जंतु पकडणें सोपें जातें. टी-पेशींपैकीं कांहीं, विषाणु शिरलेल्या आपल्याच पेशींना नाहींसें करतात. कांहीं दुसऱ्यांना मदत करतात. या मदतनीस पेशींचें महत्त्व किती आहे तें एड्स रोगानें जगाला १९८१ नंतर शिकविलें. तो विषाणु नेमका मदतनीसांचाच घात करतो; मग बाकी सर्व पेशी जागच्या जागीं असूनहि रोगी साध्या जंतूंना बळी पडतो.

जखम भरली कीं वाढलेल्या पेशींतील बहुतेक मरून जातात व अवधाण जिरतें. परंतु थोड्या उरतात, आणि त्या फार वर्षें राहतात. हीच शरीराची आठवण. ती किती टिकते याचा सर्वांत सुंदर पुरावा कोणत्याहि प्रयोगशाळेंत नव्हे, तर उत्तर अटलांटिक महासागरांतल्या फेरो बेटांवर मिळाला. तेथें १८४६ सालीं कोपनहेगनहून आलेल्या एका कारागिराबरोबर गोंवर आला. बेटांची लोकसंख्या ७,७८२. त्यांपैकीं सुमारें ६,००० माणसांना कांहीं महिन्यांत गोंवरानें गांठलें, आणि त्यांत पोरेंबाळें होतीं तसे बाप्येहि होते. पीटर पानुम हा पंचविशींतला डॅनिश डॉक्टर सरकारनें पाठविला होता. त्याला आढळलें कीं, फार म्हातारीं माणसें तेवढीं सुटलीं आहेत. खोलांत गेल्यावर कळलें कीं, यापूर्वीं बेटांवर गोंवर आला होता तो १७८१ सालीं. त्या वेळीं लहान असतांना ज्यांना तो झाला, त्यांच्यापैकीं एकालाहि तो पुन्हां झाला नाहीं. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोंवर फिरकलाच नव्हता. म्हणजे लहानपणींची ती एकच ओळख, मध्यंतरीं कोणी उजळणी न करून घेतांहि, पांसष्ट वर्षें शाबूत राहिली. इतकी चांगली स्मरणशक्ति शाळेच्या कोणत्याहि विद्यार्थ्यांत आढळत नाहीं हें वेगळें सांगावयास नको.

मग प्रश्न असा येतो कीं, रोग न भोगतां केवळ ओळख करून देतां येईल काय? इंग्लंडांत एडवर्ड जेन्नर यानें १७९६ सालीं गाईच्या देवीची लस टोंचून ती वाट दाखविली, आणि मुंबईंत १४ जून १८०२ रोजीं एका तीन वर्षांच्या मुलीला ती टोंचून हिंदुस्थानांत तिची सुरुवात झाली. जगांतून देवी समूळ गेल्याची घोषणा १९८० सालीं झाली. परंतु जांघेंतल्या गांठीची हकीकत सांगतांना मुंबईची दुसरीच एक गोष्ट अधिक जवळची आहे.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. तेव्हांचीं वर्तमानपत्रें त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. लोक नुसतें “गांठ आली” म्हणत, आणि तेवढ्यानें घर रिकामें होई. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंच्या जांघा व काखा चांचपून पाहिल्या जात. अवधाणाला न भिणारीं माणसें या गांठीला भिऊं लागलीं, आणि तें योग्यच होतें. उंदरावरची पिसू बहुधा पायाला चावते. तिच्या दंशाबरोबर शिरलेला जंतु लसीकेंतून जांघेंत येतो. येथवर वाट तीच. परंतु प्लेगच्या जंतूला गिळलें तरी तो सहजासहजीं मरत नाहीं. तो चावडीवरच ठाण मांडतो आणि तेथेंच वाढतो. अवधाणांत ग्रंथि कामानें फुगलेली असते, प्लेगांत ती शत्रूनें बळकावलेली असते.

ओदेसा येथें जन्मलेले वाल्डेमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईस आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांतील लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगची लस तयार केली. कल्पना सोपी होती. जंतु वाढवावयाचे, उष्णतेनें मारावयाचे, आणि मेलेले जंतु टोंचावयाचे. म्हणजे चावडीवर चोर न आणतां चोराची तसबीर आणून दाखवावयाची. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. लस पूर्ण संरक्षण देत नसे, परंतु रोग होण्याचें व मरण्याचें भय पुष्कळ कमी करी. लाखों लोकांनीं ती घेतली. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें असलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ सालीं त्यांचेंच नांव दिलें गेलें.

परंतु त्या आधीं त्यांच्या वाट्याला जें आलें तें सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं (तें आतां पाकिस्तानांत आहे) १०७ जणांना लस टोंचली गेली. त्यांतील एकाच बाटलीची लस मिळालेले १९ जण थोड्याच दिवसांत मेले. ते प्लेगनें मेले नाहींत, धनुर्वातानें मेले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यांत आलें. पुढें चौकशींत दिसून आलें कीं, बाटली उघडतांना हाताखालच्या माणसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला. १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त ठरले; पण पांच वर्षें जावयाचीं तीं गेलींच. मातींतला तोच जंतु, जो बाभळीच्या कांट्याबरोबर टांचेंत शिरूं शकतो, तेथें चिमट्याबरोबर शिरला होता.

धनुर्वाताचा जंतु मातींत आणि जनावरांच्या शेणांत बीजरूपानें वर्षानुवर्षें पडून राहतो. त्याला हवा सोसत नाहीं. म्हणून उघड्या खरचटण्यापेक्षां कांट्याची, खिळ्याची, वर तोंड मिटलेली खोल जखम त्याला अधिक मानवते. तो जखमेबाहेर पसरत नाहीं, फार सूजहि आणीत नाहीं; एक विष तेवढें सोडतो. तें मज्जातंतूंतून वर चढतें, बहुधा तीन ते एकवीस दिवसांत दांतखीळ बसते, आणि शरीर धनुष्यासारखें ताणलें जातें. या विषाची मारक मात्रा इतकी सूक्ष्म असते कीं, जेवढ्यानें माणूस मरतो तेवढें विष ओळख पटविण्यासहि पुरें पडत नाहीं. म्हणून गोंवर होऊन गेलेल्याला गोंवराचें भय नाहीं, पण धनुर्वातांतून वांचलेल्याला धनुर्वात पुन्हां होऊं शकतो. ज्या थोड्या रोगांत निसर्गाचा धडा शरीराला मिळतच नाहीं, त्यांतला हा एक आहे. येथें ओळख करून द्यावयाची ती माणसानेंच.

ती दोन तऱ्हांनीं होते. १८९० सालीं बर्लिन येथें एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनीं सशाला हें विष टोंचून त्याला रोगमुक्त केलें, आणि त्याचें रक्तजल, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारें पिंवळसर पाणी, उंदरांना टोंचलें. ते उंदीर मारक विषानेंहि मेले नाहींत. सशाच्या बी-पेशींनीं केलेले प्रतिपिंड उंदराच्या उपयोगीं पडले. परंतु हें उसनें धन होय. उसन्या प्रतिपिंडांचा कांहीं आठवड्यांत नाश होतो, आणि मागें आठवण राहत नाहीं. दुसरी तऱ्हा गास्तों रामों यानें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत १९२० नंतरच्या दशकांत सिद्ध केली. फॉर्मालिननें विषाचा दंश काढून टाकावयाचा, रूप मात्र तसेंच ठेवावयाचें. तें रूप पाहून शरीर स्वतःचे प्रतिपिंड स्वतः करतें. यालाहि उजळणी लागते. म्हणून भारतांतील बालकांना ६, १० आणि १४ आठवड्यांचीं असतांना, पुढें दीड ते दोन वर्षांच्या सुमारास, पांचव्यासहाव्या वर्षीं, आणि मग दहाव्या व सोळाव्या वर्षीं ही लस देतात. गरोदर स्त्रीला दिलेल्या लसीचे प्रतिपिंड वारेंतून गर्भाला मिळतात. नाळ कापतांना शिरणाऱ्या जंतूपासून नवजात अर्भक त्यामुळेंच वांचतें. एकेकाळीं हजारों अर्भकें नेणारा हा रोग भारतांत निर्मूलनाच्या पातळीवर आल्याचें २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. जंतु मात्र मातींत आहे तेथेंच आहे.

एक गोष्ट राहिली. पत्ते पिसून नमुने करावयाचे तर त्यांत आपल्याच शरीराला जुळणारे नमुनेहि निघणारच. त्यांतल्या टी-पेशींची परीक्षा छातीच्या हाडामागें असलेल्या थायमस ग्रंथींत होते. या ग्रंथीचें महत्त्व जॅक मिलर यांनीं १९६१ सालीं दाखविलें. त्या परीक्षेंत बहुतेक पेशी नापास होतात आणि मरतात. इतका कडक निकाल कोणत्याहि विद्यापीठानें लावलेला नाहीं. तरीहि कांहीं निसटतात, आणि त्यांना आवरून धरणाऱ्या नियामक पेशी बाहेर असतात. त्यांच्या शोधाबद्दल २०२५ सालचें नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल व शिमॉन साकागुची यांना मिळालें. ही आवर सुटली तर शरीर स्वतःवरच उठतें. लहान मुलांना होणारा, इन्सुलिन टोंचून घ्यावाच लागणारा मधुमेह असाच होतो. आणि फुलांचा पराग किंवा घरांतली धूळ यांसारख्या निरुपद्रवी वस्तूंना शत्रु समजल्यानें शिंका, दमा व गांधी उठतात. म्हणून “रोगप्रतिकारशक्ति वाढविणारें” म्हणून बाजारांत जें विकलें जातें त्याच्याविषयीं सुशिक्षित घरांनीं जरा सावध असावें. ही शक्ति समईंतल्या तेलासारखी ओतून वाढविण्याची वस्तु नव्हे. पोटभर सकस अन्न व पुरेशी झोंप यांवांचून ती खंगते हें खरें; परंतु जी वाढवून घेतली तर दम्याच्या रोग्याला त्रास होईल, ती सरसकट वाढवावी तरी कशाला? नेमकी ओळख वाढविण्याचें आज उपलब्ध असलेलें सर्वांत खात्रीचें साधन म्हणजे लस, आणि ती बहुधा सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते.

आजोळीं कांटा निघाल्यावर संध्याकाळीं मुलाच्या आईचा दूरध्वनि येतो. ती पहिला प्रश्न कांट्याचा करते आणि दुसरा, कपाटांतून लसीचें कार्ड काढून, स्वतःलाच करते. पांचव्या वर्षाची नोंद आहे; चार वर्षें झालीं; दहाव्या वर्षाची सुई पुढल्या वर्षीं. म्हणजे मुलाची काळजी नाहीं. मग ती विचारते, “आई, तुम्हांला शेवटची कधीं टोंचली होती?” आजी साठी ओलांडलेली, देशांत बालकांच्या लसीकरणाची योजना १९७८ सालीं सुरू झाली त्या आधीं तिचें बालपण सरलेलें. बाळंतपणांत दिली असली तर असेल, तिला आठवत नाहीं. आणि परसांत, गोठ्यांत, ती आजहि अनवाणीच हिंडते.

“उद्यां दोघंहि दवाखान्यांत जाऊन या,” आई सांगते. “त्याची टांच दाखवा, आणि तुम्ही टोंचून घ्या.”